चंपतचा वेगळा लोटा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत कॅम्प-एकमध्ये दोनच गोष्टींची चर्चा असे. एक म्हणजे रशियन साहेबाची बायको भर बाजारात उभ्याने काकडी कशी खाते. दुसरी म्हणजे चंपत मेटची बायको सत्यशीला नवऱ्याला कशी दटावते. पहिली मी डोळ्यांनी पाहिली. दुसरीला डोळ्यांची गरज नव्हती. आमच्या दोन घरांच्या मधे एकच बांबूचा तट्टा होता, आणि तट्ट्याला आमच्या अंजनाबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, कान कायम चिकटलेला. मी रेल्वेत पॉइंट्समन. यार्डातून दमून यावं, तर भाकरीआधी बातमी वाढलेली असायची.

चंपत तुमसरकडचा. खलाशी. म्हणजे समुद्रावरचा नव्हे. दोर, कप्पी आणि विंच लावून लोखंडाचे अवजड खांब उचलायचे आणि बोटभर चूक न होता जागी बसवायचे, त्या कामगाराला आमच्याकडे खलाशी म्हणतात. टोळीचा म्होरक्या तो मेट. भार टांगला की मेट ओरडणार 'हाबेस', म्हणजे उचला. 'आरिया', म्हणजे सोडा खाली. हे दोन शब्द मेटशिवाय कोणी उच्चारायचे नाहीत. पण तिसरा शब्द 'बस'. तो कोणीही उच्चारावा. चहावाल्याने म्हटलं तरी भार आहे तिथे थांबलाच पाहिजे. आणि 'बस' का म्हटलं ते कळेपर्यंत दोर हलायचा नाही. चंपतच्या टोळीत हा नियम देवासारखा पाळत. म्हणजे मेटने तरी देव सोडले होते, म्हणून नियमासारखाच पाळत म्हणू.

दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन नवराबायकोने दीक्षा घेतली होती. बायकोचं मूळ नाव सखू, तिने स्वतःच सत्यशीला ठेवून घेतलं. तेव्हापासून ती खोटं बोलत नाही अशी ख्याती होती. त्याआधी बोलत होती की नाही, ते चंपतलाच ठाऊक, आणि तो सांगण्याइतका मूर्ख नव्हता.

चंपतच्या घरात मोलाची वस्तू एकच, पितळेचा लोटा. भिलाईतल्या पहिल्या पगाराचा. गावात विहिरीपासून अंतर राखून उभं राहायचं, वरून कोणी ओतेल ते ओंजळीत झेलायचं, असं पाणी पिऊन हा माणूस वाढलेला. इथे त्याच्या टोळीत सगळे एकाच लोट्याला तोंड लावत. त्याच्या गावचा देवीदास तर लावेच, पण तिरोड्याचा बळीराम कुणबीसुद्धा. बळीरामने ही गोष्ट गावी कळवली नव्हती, पण आमच्या अंजनाबाईला कळली म्हणजे तिरोड्याला कळायला कितीसा वेळ! टोळीचा दुसरा कायदा म्हणजे वाटा. बिडी असो, कांदा असो, कोणाच्या सासरहून आलेले लाडू असोत, टोळीतल्या एकाला मिळालं ते सगळ्यांचं.

तर असा हा चंपत, उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात तापाने पडला. ताप चढायचा तो उतरायचं नावच घेईना. डोकं दुखे, जिभेवर पांढरा थर, पोट फुगलेलं. अंजनाबाई दारातूनच म्हणाली, "मोतीझरा हाय वो हा. माता आली. दाराले लिंबाचा डगळा बांध, अन् औषध बिलकूल देऊ नको. माता कोपते."

सत्यशीला म्हणाली, "माता आमी नागपुरातच ठेवून आलो, अंजनाबाई. इथं डॉक्टर हाय."

बांधकामाचा दवाखाना तेव्हा पत्र्याच्या बराकीत होता. डॉक्टरीणबाई केरळकडची, तरणीच. हिंदी तिची अडखळत चालायची, पण कडक. कंपाउंडर कृष्णराव आपला वर्ध्याचा, तो मधे मराठी करून सांगायचा आणि स्वतःच्या पदरचं दोन वाक्यांचं मीठ टाकायचा. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. चंपतला खाटेवर ठेवून कॅप्सुला सुरू केल्या. काही दिवसांनी ताप उतरला. बाहेर आजाऱ्यांची रांग लागलेली, तेव्हा उरलेल्या कॅप्सुला बाटलीत घालून त्याला घरी धाडलं. निघताना डॉक्टरीणबाईने सत्यशीलेला समोर उभं केलं.

"बुखार गया, बीमारी नहीं गयी," ती म्हणाली. "बोतल खतम होने तक खाना. समय पर. अच्छा लगे तो भी."

कृष्णरावने पुढचं मराठीत सांगितलं. "आतड्याले आतून जखमा असतात, बाई. बाहेरून माणूस ठणठणीत दिसते, आत कच्चं. कॅप्सूल फोडायची नाही, पाण्यासंगं सगळी गिळायची. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन खायच्या नाहीत. घसा दुखला, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, तर वाट न पाहता घेऊन यायचं. खायले नरम भात, पेज. मिरची-भाकर दाखवायचीबी नाही. पाणी उकळून. हात साबणानं धुवायचे. अन् याचा लोटा-थाळी वेगळी ठेवजा."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि चंपतचा चेहरा उतरला तो उतरलाच. ताप उतरला होता त्याहून जास्त.

घरी आल्यावर सत्यशीलेने एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला धुऊन त्याच्या उशाशी ठेवला. चंपतने तो हाताने सरकवला.

"हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"वेगळ्या भांड्यानं पाणी पिऊन-पिऊन कंटाळलो म्हणून त गाव सोडलं ना मी? आता हितंबी?"

"ते येगळं, हे येगळं. आजाराचं हाय हे."

"तिकडंबी असंच सांगत होते. आपला लोटा आन."

सत्यशीला गप्प झाली. असं ती गप्प झालेली मी त्या एकदाच ऐकली. लोटा उशाशी आला.

कॅप्सुलांच्या वेळा तिने साईटच्या भोंग्यांवर लावल्या होत्या, आणि रात्रीची एक मेल गाडीवर. घड्याळ होतं कोणाकडे? भोंगा झाला की आम्हीसुद्धा हातातलं काम सोडून म्हणायचो, चंपतची गोळी झाली. आणि भोंग्यालाच टोळीतली माणसं त्याला बघायला येत. देवीदास आणि बळीराम तर रोज. खाटेवर बसत, हळू आवाजात काही बोलत, लोटा फिरे, सगळे पाणी पीत आणि उठून जात. वेगळा पेला नाकारल्याची बातमी टोळीभर पोचली होतीच. मेटचा मान राखायला ते त्याच्याच लोट्याने पीत आहेत, असं सत्यशीलेला वाटलं. तिचे डोळे भरून आल्याचं अंजनाबाईने मला सांगितलं. बाटली मात्र चंपतच्या उशाखाली. मेटचं सामान मेटजवळ.

एका सणाच्या दिवशी साईट बंद राहिली. भोंगा झाला नाही. सकाळची गोळी आठवणीने दिली गेली, दुपारची राहून गेली. सत्यशीलेला ते संध्याकाळी आठवलं. ती एवढी घाबरली की आमच्या दारी येऊन विचारती झाली, "आता दोन देऊ का?" मी म्हटलं, कृष्णरावनं नाही म्हटलं होतं ना? मग एकच दे.

पुढे बाटली संपली. चंपत हिंडायला-फिरायला लागला, साईटवर जाऊन दोर तपासू लागला. आणि मग एका सकाळी तट्ट्यापलीकडून कण्हण्याचा आवाज आला.

ताप परत आला होता, आणि या वेळी पोटाला हात लावू देत नव्हता. आम्ही चौघांनी खाट उचलली, मालाच्या ट्रकात ठेवली आणि दवाखाना गाठला. ट्रक खड्ड्यातून गेला की चंपत दात आवळी. सत्यशीलेने पूर्ण वाट त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं.

डॉक्टरीणबाईने पोट तपासलं. हलकेच दाबलं, कान लावून ऐकलं. मग सरळ प्रश्न, "दवाई पूरी खायी?"

"हाव," चंपत म्हणाला. "सगळी."

"एक भी छोड़ी?"

सत्यशीला पुढे झाली. "एक राहिली, बाई. माझ्यामुळं. भोंगा नाही वाजला, मी विसरली. मारा मले पाहिजे तर."

डॉक्टरीणबाईने मान हलवली. एका चुकलेल्या गोळीने एवढं होत नाही. तिने चंपतकडे पुन्हा पाहिलं. "बाकी सब तुमने खायी? तुमने?"

"हाव."

ती बाजूला जाऊन कृष्णरावशी बोलली, आणि मी आपला दारात, कान उघडे. ऐकलं ते असं. पूर्ण औषध पोटात जाऊन ताप परत आला असेल, तर एक तर हे औषध याला लागू पडत नाही, किंवा आत दुसरंच काही पिकतंय. मग इथे ठेवून भागणार नाही, रायपूरला सर्जनकडे. पण आतडं पातळ झालेलं. त्या रस्त्याने, त्या हिसक्यांत, वाटेतच फुटलं तर रायपूर येईपर्यंत माणूस राहणार नाही. आणि अर्धंच औषध पोटात गेलेलं असेल, तर तेच औषध पुन्हा सुरू करून, इथे हलू न देता, डोळ्यांसमोर ठेवायचं. दोन वाटा. कोणती, ते एका 'हाव'वर ठरत होतं.

"गाडी बोलवा," ती म्हणाली. गाडी साईटवर गेलेली, दुपारपर्यंत येणार होती.

कृष्णरावने चंपतजवळ बसून विचारलं, "गड्या, खरं सांग. कोणाले देल्ल्या का?"

चंपतने डोळे मिटले. "मेट कोणाचं नाव नाही सांगत."

"मी नाव नाही विचारून राहिलो. देल्ल्या का एवढंच."

सरकारी औषध दुसऱ्याला दिलं म्हणजे चोरी, आणि चोरी म्हणजे टोळीतल्या माणसांची नावं कंत्राटदाराच्या हजेरीतून उडणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणजे हा माणूस पोट फुटायच्या बेतात असतानासुद्धा लोकांची हजेरी सांभाळत होता! मला त्याचा राग आला. सत्यशीलेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा राग जागच्या जागी विझला.

नर्सने सांगितलं, ओठ ओले करा याचे. सत्यशीलेने सोबत आणलेला तोच लोटा त्याच्या ओठाला लावला. चंपतने घोट घेतला आणि मान वळवली. तिने लोट्यात पाहिलं. भरलेलाच होता. ती बघतच राहिली.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "गोळी गिळाले माणसाले किती पाणी लागते?"

"घोटभर. फार तर दोन."

"मग दर भोंग्याले, बराबर गोळीच्या वेळी, हा लोटा रिकामा कावून येत होता? ते मान राखाले पीत होते, का गोळी गिळाले?"

मी काही बोलायच्या आत लोटा खाली ठेवून ती बाहेर पडली होती. चप्पल दारातच राहिली. मी आपला तिच्या मागे. दवाखान्यापासून साईट काही लांब नाही, पण त्या उन्हात मुरूम कसा भाजतो ते अनवाणी पायालाच विचारावं. मी तिला हाक मारली, "वो बाई, थांब ना!" ती थांबली नाही.

मरोदा गावाच्या अंगाला टोळीचं काम चाललं होतं. खांब नुकताच जमिनीपासून उचललेला, सरळ होत चाललेला. चंपतच्या जागी त्या दिवशी बळीराम मेट. त्याचा हात वर, तोंडात 'हाबेस'. दोरावर माणसं, विंचच्या दांड्याला देवीदास. देवीदासचा चेहरा मला लांबूनच दिसला. मातीच्या रंगाचा. ओठ सुकलेले. त्या उन्हात अंगावर सदऱ्यावर सदरा घातलेला.

सत्यशीला कामाभोवतीच्या घेऱ्याच्या दोरापाशी थांबली आणि छातीतला सगळा वारा काढून ओरडली, "बस!"

भार थांबला. हवेत, आहे तिथे. सगळे आधी खांबाकडे, मग तिच्याकडे बघू लागले. बळीरामचा हात वरचा वरच राहिला.

"कायले बस, वैनी? भारात काय झालं?"

"भार तिकडं खाटेवर टांगला हाय," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुमचा मेट मरून राहिला. डॉक्टरीणबाई विचारते गोळ्या कोणी खाल्ल्या, तो म्हणते म्या खाल्ल्या. अन् लोटा तर दरवेळी रिकामा. कोणाच्या पोटात गेल्या त्या?"

वर लोखंड लटकलेलं, दोर किरकिरत होता, आणि कंत्राटदाराचा सुपरवायझर गुलाबराव तिकडून 'काम का थांबलं' म्हणून ओरडत येत होता.

"गुलाबराव येऊन राहिले," बळीराम हळूच म्हणाला. "वैनी, संध्याकाळी बोलू."

"संध्याकाळी रांडव होऊन बोलू का तुझ्याशी?" सत्यशीला म्हणाली. "तुमचाच कायदा हाय. बस म्हणलं का कारण कळेपर्यंत दोर हालत नाही. म्या कारण विचारलं. सांगा, नाहीतर राहू द्या टांगलेलं. मीबी हितंच बसते."

आणि ती खरंच घेऱ्याच्या दोराशी मुरमात बसली.

गुलाबराव पोचला होता. सगळ्यांच्या माना खाली. तेव्हा देवीदासने विंचचा दांडा खिळीत अडकवला, शेजारच्याला तो धरायला सांगितला आणि पुढे आला. त्याचे पाय नीट पडत नव्हते.

"म्या खाल्ल्या, वैनी," तो म्हणाला. "मले ताप येत होता. दादानं देल्ल्या. बरं वाटलं, मग थांबलो. आता पुन्हा येऊन राहिला."

"अन् मीबी," बळीराम म्हणाला, गुलाबरावकडे न बघता. "मले फक्त हगवण होती. तीन-चार दिवस. दादा म्हणे, लोटा एक तर औषधबी एक."

गुलाबराव म्हणजे आमच्या कॅम्पातला एक खडूस माणूस, बायकोच्याही हजेऱ्या मांडत असेल अशी माझी खात्री. त्याने देवीदासच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"असा माणूस विंचवर?" तो बळीरामवर खेकसला. "खांब खाली घे आधी. हळू. अन् याले माझ्या जीपमधी घाल. अन् तुले काय सांगायचं ते डॉक्टरले जाऊन सांग."

बळीरामने वरचा हात खाली आणला. तो म्हणाला, "आरिया."

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा रायपूरला जायची गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर तंबाखू मळत होता. आत चंपतची खाट उचलायला दोन माणसं वाकलेली. सत्यशीला धावत आत शिरली आणि ओरडली ते पुन्हा तेच, "बस!"

देवीदासने कबूल केलं. बळीरामने किती दिवस, किती वेळा, ते बोटांवर आठवत सांगितलं. डॉक्टरीणबाईने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही आभाळ कोसळवणार. तिने फक्त डोळे क्षणभर मिटले आणि म्हणाली, "खटिया नीचे रखो."

मग कृष्णरावने टोळीला झाडलं, ते मात्र मराठीत आणि मनसोक्त. "हे काय सासरचे लाडू होते का रे, वाटा करायले? याचं औषध अर्धवट राहून याचा आजार परत आला. देवीदासनं चार गोळ्या खाऊन ताप दाबला, आजार लपवला, अन् तसाच विंचवर उभा राहिला. अन् बळीराम, तुझी हगवण कायची होती कोणाले ठाऊक? तुले काय झालं हे पाहिल्याबिगर औषध तोंडात घालतो? मले विचारायचं होतं ना! मी काय वाघ हावो?"

"वाघच दिसता," बळीराम म्हणाला, आणि त्या परिस्थितीतसुद्धा नर्सने तोंडावर हात ठेवला.

पण चंपतचं संकट टळलं नव्हतं. तेच औषध पुन्हा सुरू झालं, या वेळी नर्सच्या हातून. पोटाला आराम, हालचाल बंद. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा येऊन पोटावर हात ठेवी, नाडी बघे. पोट फळीसारखं कडक झालं किंवा ताप एकदम पडून अंग गार पडलं, तर सत्यशीलेने ओरडायचं, असं सांगून ठेवलेलं. ती खाटेशेजारी जमिनीवर बसून राही आणि त्याच्या श्वासाबरोबर तिचा श्वास चाले. आमची अंजनाबाई पेज घेऊन जाई. मातेचं नावही काढत नसे. एकदा चंपत पोट धरून कण्हला तर अंजनाबाईच तिच्याआधी ओरडली, "बस वो बस, डॉक्टरीणबाई!" डॉक्टरीणबाई धावत आली. गॅस होता.

ताप हळूहळू उतरत गेला. दोन दिवस उतरला, एक दिवस चढला, पुन्हा उतरला. पोट मऊ झालं. पलीकडच्या खाटेवर देवीदास, त्याचं रक्त तपासून त्याची वेगळी बाटली.

मधेच एकदा डॉक्टरीणबाईने चंपतला पेल्याचं विचारलं. वेगळं भांडं का नको होतं? चंपतने सत्यशीलेकडे पाहिलं. सत्यशीलेने सांगितलं, गावच्या विहिरीपासून सगळं. कृष्णरावने हिंदी केलं आणि या वेळी पदरचं मीठ टाकलं नाही. डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेशी बसली. मग म्हणाली, "मेरा भी अलग है," आणि आपल्या टेबलावरचा पेला दाखवला. "यहाँ सबका अलग है."

दुसऱ्या दिवशी बळीराम बाजारातून परतला तो तीन पितळी लोटे घेऊन. एक देवीदासच्या उशाशी ठेवला, एक स्वतःच्या पिशवीत घातला, एक सत्यशीलेच्या हातात दिला.

"आता कोणाचाच येगळा नाही, दादा," तो चंपतला म्हणाला. "सगळ्यांचाच येगळा हाय."

चंपत हसला. हसताना पोट दुखलं, म्हणून लगेच थांबला.

बाटलीतली शेवटची कॅप्सूल आली तेव्हा चंपत घरी होता. भोंगा झाला. मी, अंजनाबाई, टोळी, सगळे दारात. चंपतने कॅप्सूल तळहातावर घेतली. बळीरामने आदल्या दिवशी उतईच्या बाजारात शिळी भजी खाल्ली होती आणि सकाळपासून त्याच्या परसाकडे फेऱ्या चालल्या होत्या. तो पोट धरून त्या कॅप्सुलेकडे असा बघत होता, जशी मांजर दुधाकडे बघते. चंपतचा हात जरा रेंगाळला. तळहात बळीरामकडे किंचित वळला. सवय होती ती, दुसरं काही नाही.

दारातून सत्यशीलेचा आवाज आला, मेटच्या तोडीचा.

"आरिया!"

चंपतने कॅप्सूल तोंडात टाकली, आपल्या लोट्याचे दोन घोट घेतले आणि तिला जीभ दाखवली. बळीरामला कृष्णरावकडे धाडून दिलं.